ऑफिसलाही तीच गाडी, ट्रॅकवरही तीच: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कोणता घ्यावा?

"किती हॉर्सपॉवर झेपेल असा घेऊ?" मित्राचा फोनवरचा पहिला प्रश्न हा होता. दुकानांच्या जाहिरातीही हाच आकडा ठळक छापतात, त्यामुळे त्याला दोष देत नाही. पण गिअरबॉक्स निवडताना हा प्रश्न फार तर चौथा-पाचवा यायला हवा. पहिले तीन-चार कोणते, ते सांगण्यासाठी हा लेख.

त्याची गाडी १९९९ सालची शेव्हरले कॅमारो. ५.७ लिटरचं एलएस१ व्ही-८ इंजिन आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक, ज्याचं कारखान्यातलं नाव ४एल६०ई. आम्ही दोघेही डेट्रॉइटच्या आसपास राहतो. सोमवार ते शुक्रवार ही गाडी ऑफिसला जाते, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. उन्हाळ्यात महिन्यातून एखाद्या शनिवारी ती साउथ हेवनच्या जिंजरमॅन रेसवेवर फिरायला जाते. साहेबांनी हौसेने कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बदलला, हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या) बसवले आणि मूळच्या ३०५ हॉर्सपॉवरवर बरीच भर घातली. गिअरबॉक्सला हात लावला नाही. वेगळा ऑइल कूलरही नाही. मग एका गरम दुपारी, तिसऱ्या सेशनमध्ये, तिसरा गिअर पडला आणि गाडी न्यूट्रलला टाकल्यासारखी नुसतीच ओरडायला लागली. काटा वर, वेग तिथल्या तिथे.

दुसऱ्या दिवशी माझ्या गॅरेजमध्ये खालचा पॅन सोडवला. तेल लाल असायला हवं होतं, ते काळपट तपकिरी निघालं आणि वास तळणीतलं तेल करपल्यासारखा. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी लगदा होता. तेवढा प्रत्येक वापरलेल्या गिअरबॉक्समध्ये सापडतो, त्याला घाबरायचं नसतं. घाबरायचं ते तळाशी साचलेल्या काळ्या भुकटीला. चहाची पूड सांडावी तशी ती पसरली होती. क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर म्हणतात ते हेच. ते आता चकत्यांवर नव्हतं, पॅनमध्ये होतं.

यात गिअरबॉक्सचा दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याला जे काम दिलं त्यासाठी तो कधी बनवलाच नव्हता.

आत नेमकं काय चालतं

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा. पुण्यात कुणी "आमची ऑटोमॅटिक आहे" म्हणालं तर ती बरेचदा एएमटी असते. म्हणजे गिअरबॉक्स नेहमीचा हाताने टाकायचाच, फक्त क्लच दाबणारे आणि गिअर टाकणारे हात यंत्राचे. आपण इथे बोलतोय तो टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक. त्याची जात वेगळी.

या जातीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लोखंडाचा थेट जोड नसतो. मध्ये असतं मेदूवड्याच्या आकाराचं एक बंद भांडं, तेलाने गच्च भरलेलं. त्यातली अर्धी पाती इंजिनाबरोबर फिरतात आणि तेल समोर भिरकावतात. उरलेली पाती तो मारा झेलतात आणि गिअरबॉक्स फिरवतात. या दोघांच्या मध्ये स्टेटर नावाची तिसरी पाती असतात. परत येणाऱ्या तेलाचं तोंड वळवून ती त्याला पुन्हा योग्य दिशेने ढकलतात. त्यामुळे गाडी जागेवरून हलताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळजवळ दुप्पट होऊन पुढे जातो. सिग्नलला गाडी बंद पडत नाही ती याच भांड्यामुळे, आणि सिग्नल सुटल्यावर ती झेपावते तीही याच्यामुळेच. मात्र फुकट काही नाही. दोन्ही बाजूंच्या वेगात जेवढा फरक, तेवढं तेल घुसळलं जातं, आणि घुसळण्यात गेलेली ताकद उष्णता होऊन तेलातच राहते.

मागे गिअर असतात ते ग्रहमालेसारखे. मधोमध सूर्य, भोवती फिरणारे ग्रह, आणि बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेलं कडं. तिघांपैकी एकाला घट्ट धरायचं, दुसऱ्याला फिरवायचं, तिसऱ्याकडून काम घ्यायचं. धरायचं कोणाला, हे बदललं की गिअर बदलला. धरण्याचं काम क्लचच्या चकत्यांचे गठ्ठे आणि स्टीलचा एक पट्टा, म्हणजे बँड, करतात. त्यांना दाबतं पंपाने दाब दिलेलं तेल.

म्हणजे एकच तेल ताकद पोचवतं, क्लच दाबतं, वंगण करतं आणि उष्णता वाहून नेतं. चार खात्यांचा एकच मंत्री. तो आजारी पडला की सगळंच ठप्प.

आता त्या हॉर्सपॉवरच्या आकड्याकडे वळू. क्लचचा गठ्ठा किती धरेल, हे चकत्या किती, त्यांचा घेर केवढा, तेलाचा दाब किती आणि अस्तराची पकड कशी यावर ठरतं. थंड, ताज्या तेलात जो गठ्ठा मजबूत असतो तोच तापलेल्या पातळ तेलात घसरतो. घसरला की आणखी तापतो, तापला की आणखी घसरतो. जाहिरातीतला आकडा यातल्या कुठल्या तापमानाचा आहे, हे कोणी छापत नाही.

पहिला प्रश्न: ट्रॅक म्हणजे कोणता?

आमच्या घरापासून तासाभरात मायलन ड्रॅगवे आहे. तिथे पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ रेषेत पळायचं. बऱ्यापैकी गाडीला बारा-तेरा सेकंद लागतात. मग रांगेत उभं राहायचं, बॉनेट उघडायचं, गप्पा मारायच्या. गिअरबॉक्सवरचा मार जबरदस्त असतो, पण क्षणाचा. तिथे सुटताना बसणारा धक्का झेलणं महत्त्वाचं. म्हणूनच पॉवरग्लाइडसारखा १९५० साली आलेला जेमतेम दोन गिअरचा ऑटोमॅटिक ड्रॅग रेसिंगवाले आजही वापरतात. हलका, आत भाग कमी, स्वतः ताकद कमी खातो. रस्त्यावर मात्र तो नको.

जिंजरमॅनवर अकरा वळणं आहेत आणि एक सेशन वीस मिनिटांचं. वीस मिनिटं सतत वेग घ्यायचा, ब्रेक मारायचा, वळायचं, पुन्हा वेग घ्यायचा. ड्रॅगवर तेल तापायला वेळच मिळत नाही, इथे ते थंड व्हायला मिळत नाही. ४५० हॉर्सपॉवरची एकच गाडी या दोन ठिकाणी नेली तर तिला दोन वेगळे गिअरबॉक्स लागतील, इतका हा फरक आहे.

गिअरबॉक्सवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे. तेल ८० अंश सेल्सिअसला राहिलं तर सुखाने जगतं, आणि त्यावर दर अकरा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. ९१ ला निम्मं, १०२ ला पाव, ११३ ला अष्टमांश. १२४ पर्यंत पोचलात तर सोळावा हिस्सा. तोवर आत वॉर्निशसारखा थर धरायला लागतो आणि रबरी सील कडक होऊ लागतात. ठोकताळाच आहे, प्रयोगशाळेचा निकाल नव्हे. पण पॅनमधली ती भुकटी पाहिली की पटतो.

वळणांच्या ट्रॅकवर आणखी एक भानगड असते, ती ड्रॅगवाल्याला ठाऊकच नसते. लांब वळणात तेल पॅनच्या एका बाजूला चढतं. तळाशी तेल ओढणारं तोंड क्षणभर उघडं पडतं, पंप हवा गिळतो, दाब पडतो आणि क्लच तेवढ्यात घसरतो. "मग जरा जास्त तेल भरू," असं मित्र म्हणाला. ते तर मुळीच करू नये. पातळी फिरत्या भागांपर्यंत गेली की ते तेल घुसळतात, ताकाला यावा तसा फेस येतो आणि फेस श्वासनळीतून बाहेर पडतो. खाली तापून लाल झालेले हेडर असतात. पुढचं सांगायला नको. उपाय म्हणजे खोल पॅन. तेल जास्त, पण पातळी तीच.

दुसरा प्रश्न: गिअरांमधलं अंतर

४एल६०ई चे रेशो, म्हणजे गिअरबॉक्समागचा शाफ्ट एकदा फिरायला इंजिन किती वेळा फिरतं ते आकडे, असे: ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. पहिल्या दोन आकड्यांमधली दरी बघा. ६,००० आरपीएमला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) पहिल्यातून दुसरा पडला की इंजिन धाडकन ३,२०० वर येतं. रस्त्यावर हे चालतं, किंबहुना मुद्दाम तसंच केलेलं आहे. ३.०६ चा पहिला गिअर सिग्नलवरून चटकन उचलतो आणि ०.७० चा चौथा हायवेवर पेट्रोल वाचवतो. हा गिअरबॉक्स ७००आर४ या नावाने १९८२ मध्ये आला. इंधन टंचाईच्या दशकानंतरची ती पिढी, इंजिनंही अशक्त. पुढे १९९० मध्ये नाव ४एल६० झालं आणि १९९३ पासून शेवटचा 'ई' लागला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक. '४' म्हणजे चार गिअर, 'एल' म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेत बसवलेला, आणि '६०' हा ताकदीचा दर्जा.

या दर्जाचा मोठा भाऊ ४एल८०ई, १९९१ चा. त्याचे रेशो २.४८, १.४८, १.०० आणि ०.७५. पहिले तीन ओळखीचे वाटले तर बरोबर आहे. १९६४ साली आलेला टर्बो ४०० नावाचा दणकट तीन गिअरचा गिअरबॉक्स घेऊन त्याच्या पुढे ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे शाफ्टला इंजिनापेक्षा जास्त फिरवणाऱ्या गिअरचा, एक संच जोडला, की झाला ४एल८०ई. जड ट्रक ओढायला केलेला. ६,००० ला दुसरा टाकला तर इंजिन ३,५८० वर येतं, तिसरा टाकला तर ४,०५० वर. इंजिन आपल्या जोमाच्या पट्ट्यात राहतं. ट्रॅकवर हाच फरक पाठीला जाणवतो.

बरं, पहिला गिअर ३.०६ चा जाऊन २.४८ चा आला तर गाडी सुटताना मंद नाही का होणार? होईल, जर बाकी काही बदललं नाही तर. कॅमारोच्या मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचा, रेशो ३.२३ आहे. चाकाला मिळणारा जोर दोन्ही रेशोंच्या गुणाकारावर ठरतो. ३.०६ गुणिले ३.२३ म्हणजे ९.९. मोठ्या भावाबरोबर तोच ठेवला तर ८.० वर येतो. डिफरन्शियल ३.७३ चं केलं तर ९.२५. गेलेलं बरंचसं परत मिळालं. आता हायवे. मिशिगनमध्ये बहुतेक हायवेंवर मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे ११३ किलोमीटर. जुन्या जोडीला चौथ्या गिअरमध्ये इंजिन साधारण २,०७० आरपीएमला फिरत होतं. नव्या जोडीला २,५६० होईल. थोडा आवाज, थोडं जास्त पेट्रोल, पण सुसह्य.

आणि निव्वळ टर्बो ४०० बसवला तर? तो स्वस्त आहे, त्याला कॉम्प्युटर लागत नाही, आणि मोडायला तयार नसतो. पण ओव्हरड्राइव्ह नाही. त्याच ३.७३ बरोबर हायवेवर ३,४०० आरपीएम, रोज शंभर किलोमीटर. मी मित्राला म्हटलं, "घे, पण आठवड्याने वहिनी तुझ्याबरोबर गाडीत बसणार नाहीत." हा पर्याय तिथेच संपला. टर्बो ३५० या दुसऱ्या जुन्या तीन गिअरच्या गिअरबॉक्सचंही तेच. ट्रेलरवर चढवून ट्रॅकला नेणाऱ्यांसाठी ते उत्तम, रोज चालवणाऱ्यांसाठी नाही.

मग नवे सहा-आठ गिअरवाले का नकोत?

कागदावर तेच सरस. जनरल मोटर्सचा ६एल८० हा सहा गिअरचा २००६ च्या मॉडेलपासून कॉर्वेटमध्ये आला. झेडएफचा ८एचपी २००९ पासून बीएमडब्ल्यूत आला आणि आता इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत आहे की मोजदाद नको. क्रायसलरची मालक कंपनी स्टेलँटिस तो परवान्याने इंडियानातल्या कोकोमोमध्ये बनवते. ८एचपी बद्दल मला व्यावसायिक मत्सरच वाटतो. ग्रहमालेचे चार संच, धरणारे क्लच-ब्रेक फक्त पाच, आणि कुठल्याही गिअरमध्ये त्यातले दोनच मोकळे. मोकळ्या चकत्या तेलात नुसत्या ओढल्या जातात आणि उष्णता करतात. त्या कमी म्हणून हा गिअरबॉक्स ताकद कमी खातो. शिवाय रेशो इतके जवळजवळ की इंजिन सतत पट्ट्यात.

पण १९९९ च्या गाडीत तो बसवणं म्हणजे फक्त बोल्ट आवळणं नव्हे. त्याचा मेंदू पोटात असतो आणि तो इंजिनाच्या मेंदूशी सतत बोलतो: टॉर्क किती देतोस, आता थोडा कमी कर, गिअर पडला, आता सोड. जुन्या इंजिनाला ही भाषा येत नाही. मग वेगळा कंट्रोलर, वेगळी बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं आवरण), वेगळं वायरिंग, आणि ते सगळं जुळवून देणारा माणूस. होतं, लोक करतात. वेळ, पैसा आणि लॅपटॉप घेऊन गाडीत बसायची आवड असेल तर जरूर करा. मित्राला सप्टेंबरच्या आत गाडी हवी होती.

४एल८०ई ची इथे मजा अशी की एलएस१ इंजिनाचा कॉम्प्युटर तोच होता, जो जनरल मोटर्सच्या ट्रकांमध्ये ४एल८०ई चालवत होता. त्याच्या प्रोग्रॅममधला गिअरबॉक्सचा भाग बदलायचा, वायरिंगचा एक जोड बदलायचा आणि इनपुट शाफ्टच्या वेगाचा जास्तीचा सेन्सर जोडायचा. भाषा तीच, फक्त बोली बदलली.

दुरुस्त केलेला जुनाच का नको?

हाही खरा पर्याय आहे आणि बऱ्याच जणांसाठी हाच योग्य. ४एल६०ई च्या दुखऱ्या जागा सगळ्या जगाला माहीत आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला धरणारा गठ्ठा लहान आहे. मित्राचा गेला तो हाच. दुसरी जागा म्हणजे सन शेल नावाचं पत्र्याचं भांडं. त्याचे आतले खाचदाते झिजले की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदमच जातात. गाडी पहिल्या आणि तिसऱ्या गिअरवर घरी येते, पण पार्किंगमधून मागे घेता येत नाही. चांगला मेकॅनिक गठ्ठ्यात जास्त चकत्या बसवतो, कडक केलेला शेल घालतो, बँड दाबणारा मोठा कॉर्वेट सर्वो लावतो आणि दाब वाढवतो. इंजिन फार वाढवलेलं नसेल आणि कूलर चांगला असेल तर असा गिअरबॉक्स वर्षानुवर्षं टिकतो. गाडीत काही कापाकापी नाही, हा मोठा फायदा.

कारण मोठा भाऊ नावासारखाच मोठा आहे. वजनाने तीस-चाळीस किलो जास्त, अंगाने जाड. मधला बोगदा ठोकून थोडा रुंद करावा लागतो. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो, कारण लांबी बदलते. त्याच्या टोकाचा योक, म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरणारं दातेरी तोंड, हाही बदलतो, २७ दात्यांच्या जागी ३२. गिअरबॉक्सला खालून आधार देणारी आडवी पट्टी बदलावी लागते. आणि या कॅमारोत एक खास गोम आहे: मागच्या अॅक्सलला पीळ बसू नये म्हणून जो लांब दांडा पुढे येतो, त्या टॉर्क आर्मचं पुढचं टोक कारखान्यात गिअरबॉक्सच्या शेपटालाच बांधलेलं असतं. गिअरबॉक्स बदलला की त्याला नवी खुंटी शोधावी लागते. हे जाहिरातीत नसतं. अर्धा गिअरबॉक्स उतरवून झाल्यावर कळतं.

म्हणून मी म्हणतो की गिअरबॉक्स एकटा घरी येत नाही. सोबत बिऱ्हाड घेऊन येतो: कन्व्हर्टर, कूलर, डिफरन्शियल, शाफ्ट, प्रोग्रॅम. किंमत त्या सगळ्या बिऱ्हाडाची विचारायची.

कन्व्हर्टर आणि कूलर: इथे कंजुषी नको

कन्व्हर्टर विकत घेताना 'स्टॉल' हा शब्द शंभरदा ऐकू येतो. मागची चाकं रोखून धरून थ्रॉटल पूर्ण दाबला तर इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढून अडतं, तो स्टॉल. ड्रॅगवाल्यांना तो उंच लागतो, कारण सुटतानाच इंजिन जोमात हवं. ते पाहून रोजच्या गाडीतही ३,६०० चा बसवणारे आहेत. मग गाडी सिग्नल सुटल्यावर आधी ओरडते, मग हलते, आणि उन्हाळ्याच्या ट्रॅफिकमध्ये तेल रटरटतं.

वळणांच्या ट्रॅकसाठी माझा हिशोब सोपा आहे. गिअर पडल्यावर इंजिन जिथे येतं त्याच्या बरंच खाली स्टॉल हवा, म्हणजे कन्व्हर्टर घसरण्यात वेळ घालवणार नाही. मोठ्या भावाबरोबर सगळ्यात खालचा आकडा ३,५८०, म्हणून स्टॉल २,६०० ते २,८००. हायवेवर २,५६० ला फिरतानाही तो थोडा घसरणारच, तेव्हा आतला लॉकअप क्लच हवाच. तो दोन्ही बाजू जोडून टाकतो आणि घुसळण थांबते. साध्या लॉकअप क्लचला फुल थ्रॉटलवर लॉक करू नये, तो त्या कामाचा नसतो. ट्रॅकवरही लॉक करायचा असेल तर अनेक चकत्यांचा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो महाग आहे, पण तेलाचं तापमान ज्या एका गोष्टीने झपाट्याने खाली येतं ती हीच.

कूलरचं तसंच. कारखान्याचा कूलर रेडिएटरच्या पोटात असतो. रेडिएटरचं पाणीच शंभरच्या आसपास असेल तर तो तेलाला त्याच्या खाली नेणार कसा? म्हणून पुढे वाऱ्यावर वेगळा, थरांच्या पत्र्यांचा कूलर, त्यावर पंखा, आणि नळ्या मूळच्यापेक्षा जाड. मात्र इथे जानेवारीत उणे पंधरा होतं. तेव्हा तोच कूलर तेल काकवीसारखं घट्ट करतो. म्हणून मध्ये थर्मोस्टॅट, जो तेल तापेपर्यंत कूलरकडे जाऊच देत नाही. आणि जुना गिअरबॉक्स जळून गेला असेल तर जुना कूलर पुन्हा वापरायचा नाही. ती काळी भुकटी आणि धातूचे कण त्याच्या कोपऱ्यांत दडून बसलेले असतात. नवा गिअरबॉक्स बसवून पहिल्यांदा गाडी सुरू केली की ते सगळं नव्याच्या पोटात जातं. धुऊन निघेल असं म्हणणारे भेटतील. मी तरी धुऊन निघालेला पाहिलेला नाही.

बसवताना

मित्राने शेवटी ट्रकमधून उतरवलेला ४एल८०ई घेतला आणि एका अनुभवी माणसाकडून उघडून दुरुस्त करून घेतला. डिफरन्शियलमध्ये ३.७३ चे गिअर घातले. दोन शनिवार गेले.

त्यातला एक अर्धा तास सांगण्यासारखा आहे, कारण नवे गिअरबॉक्स इथेच मरतात. कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्सवर बसवायचा असतो. बसवण्यापूर्वी त्यात लिटरभर तेल ओतायचं, पंप कोरडा फिरू नये म्हणून. मग तो शाफ्टवर सरकवून हलक्या हाताने गोल फिरवत आत ढकलायचा. आत तीन वेगवेगळ्या ठिकाणी दाते जुळायला हवेत आणि प्रत्येक वेळी तो 'टक' करून थोडा आत जातो. दोनदा टक झालं. मित्र म्हणाला, "बसला." मी म्हटलं, "अजून एक." पाच मिनिटं फिरवला, काही नाही. बाहेर काढला, तेल पुसलं, पुन्हा सुरुवात. असा तो लोण्याच्या डेऱ्यासारखा वजनदार गोळा पोटाशी धरून फिरवताना तिसऱ्या वेळी शेवटचा टक आला आणि तो बोटभर आत गेला. ते शेवटचं बोटभर अंतर म्हणजे पंपाचा गिअर. त्याच्यावर न बसता बोल्ट आवळले असते तर पंप तिथेच फुटला असता, आणि गाडी सुरू करेपर्यंत कळलंही नसतं. गिअरबॉक्स इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि तो व फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या टोकाची चकती) यांच्यात तीन ते पाच मिलिमीटर फट हवी. बोल्टने ओढून फट मिटवायची ती एवढीच. बोल्टने ओढून गिअरबॉक्सच जवळ आणावा लागत असेल तर हात थांबवा.

तेल भरल्यावर पातळी इंजिन चालू ठेवून, तेल तापल्यावर बघायची, बंद असताना नाही. ऑइल टेम्परेचरचा आकडा डॅशबोर्डवर डोळ्यांसमोर येईल अशी सोय केली. तो आकडा ११५ झाला की एक फेरी सावकाश मारायची, असा दोघांत करार. पहिल्या सेशनला तो ९८ वर थांबला. दुसऱ्याला, भर दुपारी, १०६.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा फोन आला. "अरे, गिअरबॉक्स मस्त चालतोय. पण हायवेवर मागून बारीक गुंईऽ असा आवाज येतो, वेग सोडला की थांबतो." मी विचारलं, डिफरन्शियलमध्ये गिअर बदलले तेव्हा अॅक्सलही मजबूत घे म्हटलं होतं, त्याचं काय केलंस? पलीकडे जरा वेळ शांतता होती.